चुंगडीतली भुरी

पोस्ट लांब आहे. निवडणूक, रस्ते, पीकविमा असलं काही नाही. मांजरीच्या एका पिल्लाची गोष्ट आहे, पण ती आपल्या नालवाडीची आहे म्हणून इथे टाकतोय.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात झड लागली होती, आठवतंय ना? रात्री साडेनऊच्या सुमारास मी वर्ध्याहून काम आटोपून घरी येत होतो. आमच्या गल्लीच्या तोंडाशी नाली तुंबलेली. तिच्यात सिमेंटची एक रिकामी चुंगडी अडकली होती. वाटलं, कचरा असेल. गाडीचा हेडलाइट पडला आणि चुंगडी हलली.

तोंड सुतळीनं बांधलेलं होतं. सोडलं. आत मांजरीची तीन पिल्लं. दोन थंड पडली होती. तिसरं जिवंत होतं. भुरकट रंगाचं, शेपटीचं टोक तेवढं पांढरं. मी हात घातला तर माझ्याच दिशेनं फिस्कारलं. वीतभर जीव, भिजून उंदरासारखा झालेला, आणि तरी माणसावर फिस्कारत होता. ते बरोबरच होतं म्हणा. माणसानंच त्याला सुतळीनं बांधलं होतं.

त्या रात्री मी जे केलं ते आधी सांगतो, कारण चूक माझी आहे. पिल्लू रुमालात गुंडाळून घरी आणलं. पोरं धावत आली. मी मोबाइल काढला. पत्रकाराची सवय, दुसरं काय. आठवीतल्या लेकीला म्हटलं, "जरा वर धर, तोंड दिसू दे." तिनं दोन्ही हातांनी घट्ट धरून वर उचललं. फोटो छान आला. "नालवाडीत पिल्लाला जीवदान" म्हणून मी तो टाकलाही. तुमच्यापैकी कित्येकांनी लाइक केला, बदाम पाठवले. फोटोनंतर दोन सेकंदांत पिल्लानं लेकीच्या अंगठ्यात दात रुतवला होता, ते मात्र मी लिहिलं नव्हतं.

रक्त आलं. नळाखाली साबण लावून पंधरा मिनिटं जखम धुतली, घड्याळ लावून. मग त्याच पावसात सरकारी दवाखान्यात. इथे थांबून एक गोष्ट सांगतो, कारण गावात अजूनही लोक हळद लावतात, चुना लावतात, "मांजराचंच तर आहे" म्हणून सोडून देतात. रेबीज मांजरापासूनही होतो. एकदा लक्षणं दिसली की माणूस वाचत नाही असंच समजा. म्हणून मांजर चावलं, रक्त निघेल इतकं ओरखडलं, तर जखम लगेच धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. लस सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. दंडात घेतात, पोटात चौदा इंजेक्शनांचा जमाना कधीच गेला. रक्त निघालं असेल तर जखमेतही एक वेगळं इंजेक्शन देतात. पुढचे डोस डॉक्टर सांगतील त्या तारखांना. आम्हाला तिसरा, सातवा आणि अठ्ठाविसावा दिवस सांगितला होता. लेक रडली नाही. फक्त घरी परतताना गाडीवर मागून म्हणाली, "बाबा, मी तिले काहीच केलं नव्हतं."

तिनं खरंच काही केलं नव्हतं. केलं होतं मी.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरात दोन भेदरलेले जीव होते. एक लेक, जी त्या खोलीच्या दारातही जायला तयार नव्हती. दुसरं ते पिल्लू, जे स्टोअरच्या खोलीत बंद कूलरच्या मागे जाऊन बसलं होतं आणि बाहेर यायला तयार नव्हतं. बायकोचं म्हणणं साधं होतं, "सोडून द्या. पोरीले चावलं आहे ते." शेजारच्या काकूंनीही तेच सांगितलं. माझ्याही मनात तेच होतं, खोटं कशाला बोलू. पण सोडणार कुठे? वेशीबाहेर? म्हणजे चुंगडी न बांधता तेच करायचं. शिवाय दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले होते की दहा दिवस पिल्लावर लक्ष ठेवा, ते आजारी पडतं की ठीक राहतं ते पाहा. रेबीज झालेलं कुत्रं किंवा मांजर तेवढ्या दिवसांत टिकत नाही. म्हणजे लेकीसाठीच पिल्लू घरात ठेवणं भाग होतं.

जनावरांच्या डॉक्टरांना दाखवलं. दात पाहून म्हणाले, दोन महिन्यांचं असेल, मादी आहे. मी विचारलं, किती दिवसांत माणसाळेल? ते हसले. म्हणाले, "उशिरा भेटलं तुम्हाला."

त्याचा अर्थ मी घरी येऊन शोधला. मांजरीच्या पिल्लाचं मन माणसासाठी उघडं असतं ते साधारण दुसऱ्या आठवड्यापासून सातव्या आठवड्यापर्यंत. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या टेम्पल विद्यापीठात आयलीन कार्श या संशोधक बाईंनी १९८०च्या दशकात यावर बरंच काम केलं. त्या वयात ज्या पिल्लांना माणसाचा हात रोज लागला ती माणसाळली. रोज चाळीस मिनिटं हाताळलेली पिल्लं पंधरा मिनिटंवाल्यांपेक्षा जास्त. हा काळ निघून गेला की दार बंद होतं असं नाही, पण मग ते दार आतून, पिल्लाच्या मर्जीनं उघडतं. बाहेरून ढकलून नाही.

मी मात्र आठवडाभर ढकलतच होतो. सकाळ-संध्याकाळ कूलरसमोर उकिडवा बसायचो, "माऊ माऊ" करायचो, हात आत घालायचो. ती भिंतीला चिकटून फिस्कारायची. वाटीत दूध ठेवलं तर पातळ संडास लागली. डॉक्टर म्हणाले, गाईचं-म्हशीचं दूध बंद करा, पिल्लांना ते पचत नाही. आपण पिढ्यान्‌पिढ्या मांजराला दूधच पाजत आलो आणि पिल्लांना हगवण लागली की "जगलं नाही बिचारं" म्हणत आलो.

मार्ग काढला आईनं. आई सत्तर पार, माळकरी. तिला मांजराचा फार लळा आहे अशातलाही भाग नाही. दुपारी ती स्टोअरमध्ये येऊन माझ्याकडे पाहत उभी राहिली आणि म्हणाली, "तू तिच्याकडे पाहून राह्यला म्हणून तर थे भेते. पाहू नको. आपलं काम कर."

आणि तिनं आपलं काम तिथे आणलं. कापसाच्या वाती वळायचं. रोज दुपारी तीन ते चार, भिंतीला टेकून, पिल्लाकडे पाठ करून. मधूनमधून काहीतरी पुटपुटायची, हरिपाठ असेल नाही तर भाजीचा हिशोब. पिल्लाशी एक शब्द नाही. तिसऱ्या दिवशी पिल्लू कूलरच्या मागून अर्धं बाहेर आलं. पाचव्या दिवशी आईच्या वातीच्या परडीपासून हातभर अंतरावर येऊन बसलं. आईनं वळूनही पाहिलं नाही. रात्री मला मात्र हळूच सांगितलं, "आली होती आज."

मी पंचवीस वर्षांपूर्वी पत्रकारितेचा डिप्लोमा केला. मुलाखत कशी घ्यावी यावर एक अख्खा पेपर होता. समोरचा गप्प असेल तर आपणही गप्प बसावं, हे त्यात कुठेतरी असेलच, पण मला ते आईनं शिकवलं.

मग आम्ही रीतसर सुरू केलं. ज्यांच्या घरी असं बुजरं पिल्लू असेल त्यांच्यासाठी लिहितो.

खोली छोटी ठेवली. मोठ्या घरात भ्यालेलं पिल्लू हरवून जातं. एक खोका उलटा करून त्याला दोन बाजूंनी दोन भोकं पाडली, म्हणजे आपण कोंडले गेलो असं तिला वाटू नये. कोपऱ्यात वाळूचं घमेलं. खाणं दिवसातून चार वेळा, ठरल्या वेळी. वाटी भरून ठेवून जायचं नाही, वाटीबरोबर आपणही बसायचं. खाणं म्हणजे उकडलेलं चिकन, मीठ-कांदा-लसूण काही नाही. आमच्या स्वयंपाकघरात ते चालत नाही, म्हणून मागच्या सांदवाडीत वेगळी चूल मांडली. आईनं एवढंच विचारलं, "तिचं गंज येगळं ठेवलं ना?"

पहिले दिवस वाटी खोलीच्या त्या टोकाला, मी या टोकाला. रोज वाटी वीतभर माझ्याकडे. घाई केली की ती परत कूलरमागे, आणि मग दोन दिवस मागे जावं लागायचं. हे माझ्याकडून तीनदा झालं. आठवडा-दीड आठवड्यानं ती मी बसलेला असताना खाऊ लागली. मग लांब दांड्याच्या चमच्यावरून. मग छोट्या चमच्यावरून. दहा दिवस तोवर सरले होते, ती ठणठणीत होती, आणि घरातल्या एका भीतीवर पडदा पडला.

डोळ्याला डोळा भिडवायचा नाही, हे आई आधीच म्हणाली होती. पुढे कळलं की इंग्लंडच्या ससेक्स विद्यापीठातल्या लोकांनी २०२० साली हेच तपासलं. माणसानं मांजराकडे पाहून डोळे सावकाश मिटले-उघडले तर मांजरही तसंच करतं, आणि जवळ यायला जास्त तयार होतं. मी करून पाहिलं. पहिल्यांदा वेड्यासारखं वाटलं. चौथ्या दिवशी भुरीनं डोळे अर्धे मिटले. मी उठून बाहेर आलो आणि बायकोला उगाचच सांगितलं की चहा टाक.

हो, तोवर तिचं नाव भुरी पडलं होतं. नाव लेकीनं ठेवलं, दाराबाहेर उभं राहून.

हाताची पाळी सगळ्यात शेवटी. हातालाच ती भ्यायली होती. आधी जुना मऊ टूथब्रश घेतला, ती चमच्यावरून खात असताना गालावरून एकदा फिरवला. आईची जीभ अशीच खरखरीत लागत असणार. ती थबकली. पळाली नाही. चार-पाच दिवस ब्रश, मग ब्रश धरलेली बोटं, मग नुसती बोटं. डोक्यावरून, वरून हात कधी न्यायचा नाही, वरून येतो तो घारीचा पंजा. खालून, हनुवटीशी. बोट पुढे धरायचं, तिला हुंगू द्यायचं, तिनं गाल घासला तरच पुढे. नाही घासला तर हात मागे. तीन सेकंद कुरवाळायचं आणि आपणच थांबायचं. "आता पुरे" हे तिला सांगायची वेळ येऊ द्यायची नाही.

ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात तिनं पहिल्यांदा माझ्या बोटाला गाल घासला.

त्याच दिवसांत बाहेर काय चाललं होतं ते तुम्हाला माहीत आहे. ११ ऑगस्ट २०२५ला सर्वोच्च न्यायालयानं दिल्ली परिसरातली मोकाट कुत्री उचलून निवाऱ्यांत ठेवायला सांगितलं आणि आपल्या भिंतींवर दोन तट पडले. एक म्हणे सगळी उचला. दुसरा म्हणे एकाला हात लावू नका. मीही दोन्ही बाजूंच्या प्रतिक्रिया गोळा करून बातमी केली. २२ ऑगस्टला न्यायालयानं आदेश बदलला. नसबंदी आणि लस करून कुत्री होती तिथेच सोडा, फक्त रेबीजची आणि फार आक्रमक असलेली सोडू नका. त्या दिवशी आपल्याकडे पोळा होता. बैलांच्या खांद्याला हळद-तूप लावून झालं होतं आणि मी ओसरीत बसून ती बातमी टाइप करत होतो. मांजराचं त्यात काही नव्हतं. मांजराचं कुठेच काही नसतं. कुत्रं चावतं म्हणून निदान त्याची चर्चा होते.

दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. पोरं लाकडी बैल सजवून घरोघर बोजारा मागत फिरत होती. आमच्याच भागातले एक वयस्क गृहस्थ नातीला घेऊन आले. नात बैल ओढत आत आली. मी बोजाऱ्याचे पैसे आणायला उठलो, परत येतो तर गृहस्थ दारातच थांबलेले. नजर स्टोअरच्या उंबऱ्यावर. तिथे भुरी बसली होती. पांढरं टोक असलेली शेपटी पायांभोवती गुंडाळून.

ते काही बोलले नाहीत. नातीला घेऊन गेले. संध्याकाळी एकटे परत आले. ओसरीत बसले, पाणी प्यायले. मी काही विचारलं नाही. खरं सांगतो, विचारायचं सगळं माझ्या तोंडावर आलं होतं. चुंगडी कोणी बांधली हे मी महिनाभर शोधत होतो. सापडला तर नाव-गाव-फोटोसकट पोस्ट टाकायची असं ठरवून बसलो होतो. मजकूरही डोक्यात तयार होता. पण त्या महिन्यात मी एका खोलीत जमिनीवर गप्प बसायला शिकलो होतो. म्हणून बसून राहिलो.

बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "भाऊ, थे आमच्या मांजरीचं हाये. मायची शेपटी अशीच हाये."

मग सगळं आलं. मांजर वर्षभरात तिसऱ्यांदा व्याली होती. आधीच्या वेळी पिल्लं वाटायचा प्रयत्न केला, कोणी घेतली नाहीत. यावेळी घरात बाळंतीण सून. तिच्या खाटेखाली पिल्लं घाण करायची. ऑपरेशनचं कोणीतरी सांगितलं होतं, पण कुठे, किती, कोण नेणार. "तीन दिस पाणी पडून राह्यलं होतं. वाटलं, वाहून जातील. मले आवाज आयकू येऊ नये म्हणून तोंड बांधलं." एवढं बोलून ते रडायला लागले. सत्तरीचा माणूस. आईनं आतून येऊन त्यांच्यासमोर पुरणपोळीचं ताट ठेवलं आणि परत गेली.

हे त्यांच्या परवानगीनं लिहितोय. नाव लिहिणार नाही, कोणी ओळखलं तर कृपा करून कमेंटमध्ये लिहू नका.

कायदा काय म्हणतो तेही सांगतो. जनावर उपाशी मरेल अशा अवस्थेत सोडून देणं हा १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड किती, तर १० ते ५० रुपये. साठ-पासष्ट वर्षं झाली, रक्कम तीच. मी त्यांची पोस्ट टाकली असती तर पन्नास रुपयांच्या दंडाऐवजी त्यांना अख्ख्या गावाची शिक्षा झाली असती, आणि त्यांची मांजर पुढच्या दोन महिन्यांत पुन्हा व्याली असती. मांजरीचे दिवस साधारण नऊ आठवडे असतात. अंगावर पिल्लं पीत असतानाही ती पुन्हा गाभण राहू शकते. तिची एखादी लेक जगली तर तीही चार-पाच महिन्यांत माजावर येते. चुंगडी कोणी बांधली या प्रश्नापेक्षा चुंगडी का लागते हा प्रश्न मोठा होता, आणि तो मी विचारलाच नव्हता.

सप्टेंबरमध्ये आम्ही दोघं त्यांची मांजर पिंजऱ्यात घालून ऑपरेशनला घेऊन गेलो. खर्च अर्धा-अर्धा. आता ती त्यांच्या घरी आहे, गंजीतले उंदीर मारते. भुरीचंही वय भरलं की करणार आहोत.

आपलं गाव कुठलं आहे याची एक आठवण करून देतो. विनोबा पवनारला जाण्याआधी नालवाडीत राहत होते. १९३०च्या दशकात इथे गोपाळराव वाळुंजकरांचं चर्मालय होतं. मेलेल्या जनावराचंही काही वाया जाऊ नये, ते काम हलकं मानू नये, म्हणून माणसं इथे राबली. त्या गावात जिवंत पिल्लं नालीत वाहून जातात, हे आपल्याला शोभत नाही. जखमी जनावर, साप, पक्षी दिसला की आपण पिपरीच्या करुणाश्रमाला फोन करतो. पण प्रत्येक मांजरीची प्रत्येक वेत त्यांनीच उचलायची का?

मला सुचतं ते एवढं. घरची मांजर व्याली तर पिल्लं आठ आठवडे तिच्याजवळ राहू द्या. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून रोज थोडा वेळ हळुवार हाताळा, घरातल्या वेगवेगळ्या माणसांनी. अशी पिल्लं लोक आनंदानं घेतात, कारण ती मांडीवर येतात. मग मांजरीचं ऑपरेशन. मोठ्या शहरांच्या महापालिका आता मांजरांचीही नसबंदी करतात. आपल्या ग्रामपंचायतीनं वर्षातून एक शिबिर ठेवावं, पशुवैद्यकीय दवाखान्याची आणि संस्थांची मदत घेऊन. मी पुढच्या ग्रामसभेत हा विषय लेखी देतोय. सोबत सह्या हव्यात. मेसेज करा.

आणि लेकीचं राहिलंच. गणपतीच्या मिरवणुकीत डीजे वाजला तेव्हा भुरी पुन्हा कूलरमागे गेली. दीड दिवस बाहेर आली नाही. मी हताश झालो होतो, सगळं पहिल्यापासून करावं लागणार असं वाटलं. दुसऱ्या दिवशी दुपारी आई बरी नव्हती म्हणून वाती वळायला कोणी नव्हतं. संध्याकाळी मी घरी आलो तर स्टोअरचं दार लोटलेलं. आत लेक बसली होती, भिंतीला टेकून, कूलरकडे पाठ करून. मांडीवर विज्ञानाचं पुस्तक. मोठ्यानं प्रकाशाचं परावर्तन वाचत होती. तिच्या मागे, हातभर अंतरावर, भुरी.

मी दारातूनच परत फिरलो. मोबाइल खिशात होता. फोटो काढला नाही.

आता दोघी एकाच पलंगावर झोपतात. पाहुणे आले की भुरी अजूनही पलंगाखाली जाते, आणि कोणी तिला ओढून काढत नाही. दिवाळी तोंडावर आहे. ज्यांच्याकडे मांजर-कुत्रं आहे त्यांनी त्या रात्री एक आतली खोली, जाड पडदा आणि लपायला एक खोका तयार ठेवा. आणि रात्री नालीत एखादी चुंगडी अडकलेली दिसली, तर गाडी जरा थांबवा.